करंजाला टांगलेला बॉल

सकाळी नऊ ते अकरा माझं डोकं बरं चालतं. चहा झालेला असतो, गोळी पोटात गेलेली असते, आणि खिडकीतून खाडीचा वारा येतो. हे सगळं मी त्या दोन तासांत लिहिलंय, रोज थोडं थोडं, नातीच्या जुन्या वहीत. अकरानंतर लिहिलेलं पान मंदा फाडून टाकते. मंदा म्हणजे माझी बायको. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली, पण लाल पेन अजून पर्समध्ये आहे.

माझं नाव बाळाराम. वय अडुसष्ट. मला डिमेन्शिया आहे. पहिल्या पायरीवर आहे असं डॉक्टर म्हणतात. पायरी म्हटलं की माणूस वर चालल्यासारखा वाटतो, पण असो.

मला आठवतं ते मी लिहिलंय. आठवत नाही ते मंदाने नाहीतर नातीने, सईने, सांगितलं, आणि तिथे मी तसं कबूल केलंय. आम्ही या आजारात दोन मोठ्या चुका केल्या. एक मंदाची, एक माझी. तिची आधी सांगतो, म्हणजे ती फाडायला घेईल तेव्हा माझी लिहून झालेली असेल.

तेव्हाचं डोकं

आम्ही मूळचे कोलशेतचे. आजोबा मिठागरावर, बाप भातशेतीत. आता त्या शेतावर टॉवर उभा आहे. त्यात सातव्या मजल्यावर आम्ही दोघं आणि नवव्यावर मुलगा नितेश, सून आणि नात सई.

लहानपणी आम्ही बंद पडलेल्या मिठागरात फुटबॉल खेळायचो. चामड्याचा बॉल, तोंडाला नाडी. खाऱ्या चिखलात जरा लोळला की असा जड व्हायचा की लाथ मारणाऱ्याचाच पाय मुरगळायचा. तो वरून यायला लागला की बाकीची पोरं बाजूला व्हायची आणि मी खाली जाऊन उभा राहायचो. कपाळावर नाडीचा वळ उठायचा. आई हळद लावायची आणि शिव्या द्यायची, दोन्ही एकदमच. आमचा गोलकीपर कान्हू, खाडीवरच्या कोळ्यांचा. तो म्हणायचा, "बाला, तुजा डोका नाय तो, मिठागराचा बांध हाय." मला ते फार आवडायचं.

त्याच डोक्यावर मला नोकरी लागली. जवळच एक रंगाची कंपनी होती, तिची स्वतःची टीम होती. कल्याणला एका मॅचमध्ये त्यांच्या साहेबाने मला बघितलं. जेवढे कॉर्नर आले तेवढे मी डोक्याने बाहेर काढलेले. सोमवारी गेटवर बोलावणं आलं. बी.ए. झालेली पोरं बाहेर रांगेत, आणि नववी नापास बाळाराम आत. पुढे सोळा वर्षं मी कंपनीकडून बचावात, सेंटर बॅक म्हणून खेळलो. चारपाच वेळा डोळ्यांपुढे काजवे चमकले. एकदा डोंबिवलीला हाफटाइमनंतर मी समोरच्या टीममध्ये जाऊन उभा राहिलो. सगळे हसले, मीपण हसलो. डोक्यावर पाणी मारलं आणि मॅच पुरी केली.

खेळणं सुटलं तसा मी गावच्या मैदानावर पोरांना शिकवायला लागलो. मैदानाच्या कडेला करंजाचं झाड आहे. कान्हूने जाळ्याची पिशवी विणून दिली, तिच्यात बॉल घातला आणि दोराने फांदीवरून खाली सोडला. दोराला पाच गाठी. खोडाला एक आकडा ठोकलेला, त्यात जी गाठ अडकवाल त्या उंचीवर बॉल राहणार. पहिली गाठ लहान पोरांसाठी, पाचवीला चांगली उडी मारल्याशिवाय डोकं पोचत नाही. रोज प्रत्येकाने तीस वेळा मारायचा. डोळे उघडे, मान घट्ट, कपाळाचा मधला भाग.

ज्याची गाठ चढली त्याच्या घरून मैदानावर पेढे यायचे. हे मी सुरू केलं नाही, एका आईने केलं आणि मग रीतच पडली. पाचवी गाठ आजवर चार जणांनी मारली. त्यातला एक माझा नितेश. सई चौथीवर होती.

पहिल्या खुणा

सुरुवात कधी झाली ते मला विचारू नका, मला विचारण्यात अर्थ नाही. मंदाच्या म्हणण्याप्रमाणे आधी नावं गेली. मग एका मॅचला मी मैदानावर बारा पोरं उतरवली आणि समोरचा कोच ओरडला तर त्याच्याशीच भांडलो. कान्हूला दोनदा त्याच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. त्याने दोन्ही वेळा ओ दिली, मला सांगितलं मात्र नाही.

मला स्वतःला आठवतं ते कापूरबावडी नाक्याचं. मी सिग्नलपाशी उभा होतो, हातात भाजीची पिशवी. रिक्षावाला थांबला, म्हणाला, "काका, किधर?" मला उत्तर येईना. ज्या गावात माझ्या चार पिढ्या गेल्या त्याचं नाव तोंडात येईना. मी म्हटलं, "तुम जाव, मेरा गाडी आ रहा है." तो गेला. दुसरा आला, त्यालाही तेच सांगितलं. शेवटी एक ओळखीचा पोरगा स्कूटरवरून घरी घेऊन आला. मंदाने विचारलं, उशीर का झाला? मी म्हटलं, भाजीला गर्दी होती. मला भीती वाटली होती. बायकोला खोटं बोललो ते त्या भीतीमुळे.

ट्यूशन

मंदाला मी फसवू शकत नाही. तिने आयुष्यभर कॉपी करणारी पोरं पकडली आहेत. तिने डोंबिवलीला भावाला फोन लावला. त्याचे सासरे अशाच एका डॉक्टरकडे जात होते. भावाने नाव दिलं, नंबर दिला, आणि सोबत आणखी एक गोष्ट दिली. डॉक्टर काय काय विचारतात त्याची यादी.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय. पण मास्तरणीच्या हातात प्रश्नपत्रिका आली की ती काय करणार? अपॉइंटमेंटला आठ दिवस होते. आठ दिवस रोज जेवणाआधी माझा क्लास. आज वार कोणता, तारीख काय, कोणता महिना. शंभरातून सात वजा करत जा. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आणि पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगायचे: आंबा, पलंग, छत्री, पोपट, विहीर.

"थोड्या वेळाने म्हणजे किती?" मी विचारलं.

"ते विचारू नका. पाठच करून टाका, म्हणजे कधीही विचारलं तरी येईल."

"अगं, पण ती परीक्षा आहे की तपासणी?"

"अहो, तिथे चार लोक बसलेले असणार. तुम्ही फजितीत पडलेले मला बघवणार नाही."

तिचं हे वाक्य मला पूर्ण आठवतं. तिला माझा आजार लपवायचा नव्हता. आपला माणूस नापास होताना तिला बघायचा नव्हता. मीही मन लावून अभ्यास केला. शाळेत केला असता तर मास्तर झालो असतो. डोंबिवलीला डॉक्टरने नेमके तेच पाच शब्द दिले. मी धडाधड म्हणून दाखवले. घड्याळ तर असं काढलं की भिंतीला लावावं. डॉक्टर म्हणाला, वयाप्रमाणे थोडंफार होतं, काळजीचं कारण दिसत नाही. बाहेर येऊन मंदाने माझ्या हातात हात दिला, भर रस्त्यात, डोंबिवली पूर्वेला. तिने तसं आधी कधी केलं नव्हतं. येताना आम्ही पेढे घेतले.

या ट्यूशनमध्ये आमचं एक वर्ष गेलं. म्हणून सांगतो, घरात असा कोणी असेल तर त्याला तसाच न्या, न शिकवता. तिथे पास होण्यासारखं काही नसतं.

आंबा, पलंग, छत्री

वर्षभराने ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. यावेळी नितेश बरोबर होता, कारण मी गॅसवर रिकामं पातेलं ठेवून मैदानावर गेलेलो आणि शेजारी दार तोडता तोडता राहिले. डॉक्टर बाई तरुण होत्या, आवाज हळू. त्यांनीही पाच शब्द दिले, घड्याळ काढायला लावलं, इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाल्या, "काका, मघाशी मी पाच शब्द सांगितलेले. आठवतात तेवढे सांगा."

मी ताठ बसलो आणि म्हटलं, "आंबा, पलंग, छत्री, पोपट, विहीर."

बाईंनी कागदाकडे बघितलं. "काका, यातला एकही शब्द मी दिला नव्हता."

मला वाटलं बाईच चुकल्या. मी मंदाकडे बघितलं. मंदा खाली बघत होती. नितेश म्हणाला, "आई, काय झालं?" आणि मंदा रडायला लागली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला दोनदाच रडताना बघितलं असेल. तिने तिथेच सगळं सांगून टाकलं, यादी, क्लास, पेढेसुद्धा. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मंदापुढे पाण्याची बाटली सरकवली आणि म्हणाल्या, "मावशी, असं बरेच जण करतात." ते खरं नसणार. पण बरं वाटलं.

त्या बाईंनी दिलेले पाच शब्द मला अजून माहीत नाहीत. डोंबिवलीचे पाच मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन.

मग नेहमीचे प्रश्न. साखर आहे का? आहे. दारू? नाही, क्वचित जत्रेला. डोक्याला कधी मार लागलाय?

"नाही," मी म्हटलं. "नाही," मंदाही म्हणाली. डोंबिवलीलाही आम्ही हेच सांगितलेलं. आमच्या हिशोबात मार म्हणजे पडणं, अपघात, टाके. यातलं काही झालं नव्हतं.

बाईंनी विचारलं, "काम काय करायचात?" मी म्हटलं, "कंपनीत होतो. पण खरं म्हणजे फुटबॉलर." आणि मग मी सुटलो. माझं असं आहे, एकदा फुटबॉल सुरू झाला की सगळं आठवतं. मिठागर सांगितलं, ओला बॉल सांगितला, कल्याणची मॅच सांगितली. डोंबिवलीला समोरच्या टीममध्ये उभा राहिलो तो विनोदही सांगितला. या विनोदावर आजवर सगळे हसले आहेत. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "रोज साधारण किती हेडर मारायचात?"

मी फुशारकीने म्हटलं, "प्रॅक्टिसला शंभर तर सहज."

"किती वर्षं?"

उत्तर तोंडात आलं आणि तिथेच माझी फुशारकी संपली. बाई लिहीत होत्या. नितेशने खुर्ची जरा पुढे ओढलेली मला दिसली.

बाईंनी नीट समजावलं. मी मंदाकडून खात्री करून लिहितोय, कारण यात मला गडबड करायची नाही. त्या म्हणाल्या, डोक्याने बॉल मारण्याचा आणि या आजाराचा संबंध असावा असा संशय आहे, जगभर त्यावर काम चालू आहे, काही देशांत लहान मुलांना हेडिंग करू देत नाहीत. पण तुमच्या एकट्याच्या बाबतीत त्यानेच झालं असं मी सांगू शकत नाही. साखर आहे, वय आहे, घराण्यातही कोणाला असेल. कोणीही छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

"म्हणजे नसेलही?" मी विचारलं.

"नसेलही."

"आणि असेलही?"

"असेलही, काका."

मॅच ड्रॉ झाल्यावर कसं वाटतं ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. ड्रॉ झाला की घरी तरी जाता येतं.

मंगळवार

मग तपासण्या. रक्त, थायरॉइड, व्हिटॅमिन, एमआरआय. एमआरआयचं फार मनावर घेऊ नका. एका नळीत झोपवतात आणि बाहेर कोणीतरी पत्रे ठोकतंय असा आवाज येतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला त्यात झोप लागते. मला लागली. मशीनवरच्या पोराने हलवून उठवलं तेव्हा मी त्याला विचारलं, शिफ्ट संपली का?

आमची ओपीडी मंगळवारी. नऊला कूपन, अकराला नंबर. बाकड्यावर तीच तीच माणसं भेटतात. खरं तर पेशंट एकमेकांना विसरतात, ओळख बायकांची होते. टिटवाळ्याच्या एक बाई नवऱ्याच्या शर्टाच्या आत नाव आणि फोन नंबर शिवून आणायच्या. मंदाने ते बघून माझ्या सहा शर्टांना शिवलं. मी चिडलो. म्हटलं, मी काय धोब्याकडे चाललोय? आता चिडत नाही. कॅन्टीनचा माणूस माझा चहा बिनसाखरेचा आहे हे न सांगता लक्षात ठेवतो. मी विसरतो आणि तो लक्षात ठेवतो, असं आमचं जमलंय.

आजार मागे फिरणार नाही हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, झाला तर. मी त्यांना विचारलं होतं, किती दिवस मी मी असेन? त्यांनी उत्तर दिलं ते मला आठवत नाही, आणि मंदा सांगत नाही.

नितेश

घरात सगळ्यात जास्त नितेश बिघडला. आठवडाभर बोलला नाही, मग एका रविवारी जेवताना फुटला. मी एवढंच म्हटलं होतं की करंजाचा बॉल काढायला हवा आणि सईला सांगायला हवं.

"आता सांगणार? तिचं जिल्ह्याचं सिलेक्शन पुढच्या महिन्यात आहे. डिफेन्समध्ये तिच्या हेडरवर तर घेणारेत तिला. आणि डॉक्टर स्वतः म्हणाल्या ना, नक्की नाही म्हणून?"

"नक्की नाही म्हणूनच सांगायचं," मंदा म्हणाली. "एक वर्ष आपण झाकली मूठ ठेवून बघितली ना."

नितेशने ताट सरकवलं. "आणि माझं काय, बाबा? मी सहा वर्षांचा असल्यापासून तुमच्या झाडाखाली उभा आहे. रोज तीस. तुमचा पोरगा म्हणून मला पन्नास. परवा गाडीची चावी सापडत नव्हती तर मी पार्किंगमध्ये बसून राहिलो. घामाने भिजलो. तुम्हाला झालंय, पण घाबरायचं आता मला आहे."

आजाराचं नाव ऐकून मला इतकं लागलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं रे." तो म्हणाला, "ते माहीत आहे मला." आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानावर गेलो. कान्हूला बोलावलं होतं. पोरांना आणि आलेल्या आईबापांना समोर उभं केलं आणि सांगितलं, मला काय झालंय, डॉक्टर काय म्हणाल्या, आणि आजपासून या मैदानावर हेडिंग बंद. एक बाप म्हणाला, "कोचचं डोकं गेलं म्हणून आमच्या पोरांचा गेम का बिघडवायचा?" माझ्या तोंडावर म्हणाला. कान्हू पुढे सरसावला, मी त्याला धरलं. उद्या तो पोरगा माझ्या जागी बसला तर त्याच्या बापाला असा राग कोणावर काढता येणार नाही, असं मी त्याला सांगायला हवं होतं. दोर काढला आणि गुंडाळून गेटजवळच्या खोलीत ठेवला.

सई झाडाखालीच उभी होती. वय चौदा, गुडघे सोललेले, केस घट्ट बांधलेले. म्हणाली, "आणि माझी पाचवी गाठ?"

"नाही."

"तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो. मीच शिकवलं. आता मीच नको म्हणतोय."

"पप्पांना मारू दिलीत. मला नाही." एवढं बोलून ती गेली. चार दिवस सातव्या मजल्यावर फिरकली नाही. मी विसरभोळा माणूस, पण ते चार दिवस मोजलेले आहेत.

पेढे

इथून पुढचं मला आठवत नाही. हे सईने सांगितलेलं आहे, आणि मी ते तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलंय.

दोर काढून तीनेक आठवडे झाले असतील. सई मैदानावर आली तर मी झाडाखाली. बॉल टांगलेला, आकड्यात पाचवी गाठ. मी एकट्याने खोलीतून दोर आणून, फांदीवरून टाकून, सगळं जसंच्या तसं बांधलं होतं. हातांना सगळं पाठ असतं. चार लहान पोरं बाजूला रांगेत उभी होती, कारण मी त्यांना उभं केलं होतं.

मी सईला हाक मारली म्हणे. "सई, ये. आज तुझी पाचवी."

ती म्हणाली, "आजोबा, आपलं ठरलंय ना?"

"काय ठरलंय? उडी जरा उशिरा घे. डोळे उघडे ठेव."

सई म्हणते, मी इतका खूश होतो की तिला पुढे बोलवेना. किती दिवसांत तिने मला तसं बघितलं नव्हतं. आणि तिलाही ती गाठ हवी होतीच. तिने तेही कबूल केलं. ती मागे गेली, धावत आली आणि उडी मारून बॉल मारला. कपाळाच्या मधोमध. बॉल फांदीला जाऊन लागला.

मी टाळ्या वाजवल्या. एका पोराला पेढे आणायला पाठवायला लागलो. तोवर सईने दोर सोडवला, बॉल पोटाशी धरला आणि मला घरी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, माझं डोकं चालतं त्या वेळेला, ती शाळा बुडवून माझ्यासमोर बसली. "आजोबा, मी एकदा मारला. एकदाच. तुम्हाला सांगायचं होतं." आणि मग बाकीचं सांगितलं.

मी म्हणालो होतो ना, दोन चुका. माझी ती ही. पोरांना शिकवलं ती चूक नव्हे, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. माहीत झाल्यावरही मी माझ्याच डोक्याच्या भरवशावर राहिलो, ही चूक. दोर जाळायला हवा होता, तो मी गुंडाळून ठेवला, हौसेने, जुन्या जर्सीसारखा. मला लाज वाटली. नातीने मला सांभाळून घेण्यासाठी तेच केलं जे मी तिला नको म्हटलं होतं. उद्या परवा मी परत बांधीन, आणि तेव्हा सई तिथे नसेल. ही चार लहान पोरं असतील, आणि ती कोचचं ऐकणार. ऐकायला मीच शिकवलंय त्यांना.

पाटी

त्याच दिवशी कान्हूला बोलावलं. दोराचे तुकडे त्याने कोयत्याने केले. मी समोर उभा होतो. जाळ्याची पिशवी मात्र परत मागितली. म्हणाला, "नारल ठेवीन तिच्यान. माज्या हाताची हाय." खोडाचा आकडा निघेना, तो राहिला.

मग मी म्हटलं, घरच्यांपैकी कोणी मला अडवलं तर मी ऐकणार नाही. मंदाचं ऐकत नाही, नितेशशी भांडतो, सईला लाडाने गुंडाळतो. मी कोणाचं ऐकतो? मंदा म्हणाली, "स्वतःचं. दुसऱ्या कोणाचं ऐकलंय कधी?" टोमणाच मारला होता तिने. पण मला पटलं.

नितेशने पत्र्याची पाटी आणि काळा रंग आणला. बोलत नव्हता अजून धड, पण आणला. डबा धरून बाजूला उभा राहिला. मी ब्रशने लिहिलं. माझं अक्षर अख्ख्या गावात ओळखतात. मॅचचे बोर्ड मीच लिहायचो, काना सरळ आणि रेघ लांब. लिहिलं:

इथे डोक्याने बॉल मारायचा नाही. कोच म्हणाला तरी नाही. — बाळाराम

मंदाने शुद्धलेखन तपासलं. चूक नव्हती. कान्हूने पाटी तारेने करंजाला बांधली, बरोबर आकड्यावर, म्हणजे आकडा झाकला जाईल.

सई जिल्ह्याच्या टीममध्ये निवडली गेली नाही. ट्रायलला एक उंच बॉल आला आणि तिने तो सोडला. मी तिथे होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या वर्षी पायाने खेळून जाईन म्हणते. जाईलही. नाही गेली तर तो दोष मी घेईन, तेवढं लक्षात ठेवायला मंदाला सांगून ठेवलंय.

शेवटचं परवाचं आहे. तेही सईने सांगितलं.

मी संध्याकाळी मैदानावर गेलो आणि सरळ करंजाकडे निघालो. वर फांदीकडे बघितलं. मग पाटी दिसली. मी म्हणे चिडलो. "हे कोणी लावलं इथे? माझ्या झाडावर?" सई धावत आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

मी पाटी वाचली. परत वाचली. बोटाने अक्षरं गिरवली, काना, रेघ, खालचं नाव.

सईने विचारलं, "आजोबा, कारण सांगू?"

मी म्हटलं, "नको. अक्षर माझं आहे. म्हणजे काहीतरी असणार."

मग मी वळलो आणि पोरांना म्हटलं, "चला रे. बॉल जमिनीवर ठेवा."